आधी ओ, मग काम

बदलापूर (पूर्व), रविवार

तीर्थरूप श्रीपादकाका यांस,

राजसीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूची शुगर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. (मंगळवारी फोनवर तुम्ही "ठणठणीत" म्हणालात, पण मागून काकूचं "खोटं!" ऐकू आलं, म्हणून पुन्हा विचारते.) आई-बाबा बरे आहेत. मी वेळेवर जेवते. पत्र तुमच्या कारखान्यातल्या सखाबद्दल आहे, हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर मी प्रकृतीवरच चार पानं भरीन. बदलापूरहून अंबरनाथला कोणी पत्र लिहितं का, असं म्हणाल. पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही न वाचताच अंगठा पाठवला असता. पालेगावच्या आत्याचे यजमान गेल्याच्या निरोपावरही तुमचा अंगठाच आला होता.

दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, तुमच्या जेवणाच्या टेबलावर शिकले. पहिला धडा बाराखडीचा नव्हता. मोठ्यांनी हाक मारली की आधी ओ द्यायची, काम मागाहून, कोणाला ताटकळत ठेवायचं नाही, हा होता. एकदा काकूने दुधाखालचा गॅस बंद करा म्हणून हाक मारली. तुम्ही, बाबा आणि मी अशा तिघांनी तीन खोल्यांतून खणखणीत ओ दिली आणि दूध शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर आलं. आपण किती हसलो होतो. (काकू हसली नव्हती, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.)

तर तुमच्या रसायनांच्या रिअ‍ॅक्टरांवर गेल्या वर्षी बसवलेलं, तापमान दाखवणारं पॅनेल आमच्या कंपनीचं, हे तुम्ही सगळ्या कारखान्याला सांगितलं आहे. "आमच्या पुतणीचं डोकं आहे त्यात," असंही सांगितलं आहे. दुर्दैवाने ते खरं आहे. त्या पॅनेलमध्ये चार प्रोसेसर आहेत, म्हणजे एका खोलीत चार कारकून समजा. त्यांना एकमेकांत नीट नांदवणारा जो गाभा, कर्नल, त्यातला हाकांचा भाग माझा. एखाद्या कप्प्यातली नोंद हलवली की पहिला कारकून उरलेल्यांना हाक मारतो, की बाबांनो, त्या कप्प्यात आता दुसऱ्याची नोंद आहे, जुना पत्ता विसरा. ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून आधी जुना पत्ता विसरायचा, मगच ओ द्यायची. सगळ्यांची ओ येईपर्यंत पहिला तसाच थांबतो. या थांबण्याने पॅनेलवरचे आकडे अडखळत होते, म्हणून मी एक सुधारणा केली. आधी ओ द्या, विसरणं हातातलं काम संपल्यावर. घरची शिस्त होती काका, मला त्यात काही चुकीचं दिसलंच नाही. आकडे लोण्यासारखे फिरू लागले. चाचणीत तीन आठवड्यांत एकदाच एक आकडा भलत्या जागी आला, तो मी आमच्या प्रेम सरांना दाखवला. (ऑफिस उल्हासनगर कॅम्प चारला, खाली लेथचं वर्कशॉप, वर आम्ही.) सर म्हणाले, "अरे बेटा, तीन हफ्ते में एक बार? वो बग नहीं, नजर है." आणि खरंच चाचणीच्या यंत्राला लिंबू-मिरची बांधली. मी ती काढली नाही. तेवढाच धीर वाटत होता.

अपघाताच्या दिवशी एका कारकुनाच्या हातातलं काम सत्त्याऐंशी सेकंद संपलं नाही. तेवढा वेळ तो तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरच्या जागी पाच नंबरचा आकडा वाचून दाखवत राहिला. पॅनेलवर बासष्ट अंश. अलार्म गप्प. सखाने मात्र जुन्या काट्याच्या गेजवर शंभरच्या वर काटा पाहिला, ओरडला, कोणी ऐकेना तेव्हा स्वतः जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. तीन नंबर वाचला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आणि तुमच्या अहवालात आलं, "पॅनेलवर तापमान बासष्ट होते, सबब कामगाराने विनाकारण व्हॉल्व्ह हाताळला."

तपासणीसाठी पॅनेलच्या नोंदी माझ्याकडेच आल्या. तीन नंबर आणि पाच नंबर, सत्त्याऐंशी सेकंद, दशांशापर्यंत एकच आकडे. प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली, आधी विसरणं, मग ओ, आणि चूक मिटली. शुक्रवारी "किरकोळ सुधारणा" म्हणून ती तुमच्या पॅनेलवर चढलीसुद्धा. त्या रात्री वाटलं, आता कोणाला काही कळणार नाही. हे वाक्य मी चार वेळा लिहून पाहिलं, एकदाही बरं वाटलं नाही.

बाकी सर्व क्षेम. तुम्ही काही करावं असा माझा आग्रह नाही, आणि नाही केलंत तरी माझ्या मनात तुमच्याबद्दल काही येणार नाही. काकूला नमस्कार.

तुमची आज्ञाधारक,
राजसी

ता. क. गुरुवारी अकरा वाजता सखाची चौकशी आहे. चूक माझी असल्याचं मी नोंदींसकट लिहून तुमच्या मॅनेजरसाहेबांकडे काल दिलं. माझी नोकरी बहुधा जाईल. (प्रेम सर रागावले नाहीत. "पगली" म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.) पण मॅनेजरसाहेब म्हणाले, अहवाल तुमचा आहे, तो तुम्हीच मागे घेतला तर काही होईल. तेवढं करा.

आणखी ता. क. काल बारवी धरणाकडे सखाच्या पाड्यावर गेले होते. त्याची बायको सरू त्याला भरवत होती. म्हणाला, "काटा खोटा नाय बोलत ताई. पन श्रीपादसाहेब म्हनले, चूक झाली म्हून सही कर, मी बघतो. साहेब भला मानूस. केली सही." मी कोणाची कोण हे त्याला सांगितलं नाही.

शेवटचं. माझा आग्रह नाही असं वर लिहिलं, ते खोडायला हवं होतं, पण पान खराब झालं असतं. आग्रह आहे. उठताना सखाने विचारलं, "गुरवारी साहेब खरं सांगतील ना?" मी हो म्हणून आले आहे.