दुधाच्या पातेल्यात उकडलेलं सोनं

डोंबिवली पूर्व,
रविवार

प्रिय तानाजी यास आनंद ओगलेचा (पॅटर्न शॉप, आता कायमची सुट्टी) सप्रेम नमस्कार.

तब्येत कशी आहे? गोदूवहिनींचा गुडघा टिटवाळ्याच्या त्या नव्या बिल्डिंगचे चार मजले चढतो आहे की लिफ्ट एकदाची सुरू झाली, तेही कळव. आम्ही ठीक. माझी शुगर ताब्यात आहे, मंदाकिनीचा राग नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मधेच हसायला लागतोस आणि मला पुढचं सांगता येत नाही. आता हवं तितकं हस, पण शेवटपर्यंत वाच.

तर आमची नीरजा. पाच वर्षं ती कल्याणला प्रयोगशाळेत पीएचडी करत होती, आणि विषय काय, तर अंड्याच्या पांढऱ्या बलकात सोन्याचे कण तयार करणं. (ज्या घराचा उंबरा अंड्याने कधी ओलांडला नाही त्या घरातली पोर! मंदाकिनी शेजाऱ्यांना "केमिस्ट्री" एवढंच सांगते.) तिने मला समजावलं ते असं. बलकात प्रथिनांचे लांबलचक धागे गुंडाळून बसलेले असतात. त्यात सोन्याचा क्षार विरघळलेलं पाणी घालायचं, जरासा कॉस्टिक सोडा घालायचा आणि आपल्या अंगाइतक्या उबेत बारा तास ठेवायचं. मग धाग्यांच्या घड्यांत सोन्याचे वीस-पंचवीस अणू जाऊन बसतात, त्यांचा इवलासा पुंजका होतो. एवढं बारीक सोनं पिवळं दिसतच नाही. बाटलीत नुसतं कोऱ्या चहासारखं पाणी, पण नोटा तपासायच्या जांभळ्या बॅटरीखाली धरलं की लालभडक उजळतं. पाण्यात पारा मिसळला असेल तर हा उजेड विझतो, म्हणून त्याचा उपयोग. मी विचारलं, यात त्या धाग्यांचं काम काय? तर म्हणाली, "बाबा, ते साचा आहेत."

साचा! अरे, एकतीस वर्षं वागळे इस्टेटच्या फाउंड्रीत मी लाकडाचे पॅटर्न कोरले आणि तू त्यांच्यावर रेती ठोकून साचे बांधलेस. तिच्या त्या जाडजूड प्रबंधातला मला कळणारा एकुलता एक शब्द नेमका आपल्या धंद्यातला निघाला. मला इतका आनंद झाला की मी रोज चौकशी करू लागलो, साचा कोरडा आहे ना, हवा जायला भोकं ठेवलीस ना. बिचारी "हो बाबा" म्हणायची.

गेल्या बुधवारी तिची शेवटची तोंडी परीक्षा होती, ठाण्याला, बाहेरच्या परीक्षकांसमोर. पाच वर्षांत सगळ्यात छान उतरलेली बाटली तिने त्याआधीच्या शनिवारी घरी आणून फ्रिजच्या दारात ठेवली. (खालच्या कप्प्यात, ताकाच्या शेजारी. वरच्याला मंदाकिनीची मनाई.) रविवारी ती प्रबंध बांधून आणायला गेली, मंदाकिनी देवळात, आणि मी बाटली हातात घेऊन बसलो. बघता बघता माझ्या लक्षात आलं की माल अजून साच्यातच आहे! एवढी शिकलेली मुलगी, ओतकाम करते आणि साचा न फोडताच ठेवून देते! म्हटलं, पोरीचं अर्धं राहिलेलं काम आपण करून ठेवू. अंडं उकडलं की घट्ट होतं एवढं ऐकून होतो. तेव्हा साचा घट्ट होऊन बाजूला होईल आणि सोनं पाण्यात सुटेल, असा माझा हिशेब. दुधाच्या पातेल्यात पाणी तापवलं, बाटली आत उभी केली आणि दहा मिनिटं उकळलं. आत खरवसासारखं काहीतरी गढूळ थलथलीत झालं. बॅटरी मारली, तर काळोख. मी बाटली पुसून गुपचूप ताकाशेजारी ठेवून दिली.

नीरजाने संध्याकाळी बाटली पाहिली आणि बॅटरी मारून बघितली. तिला वाटलं, आपला मालच टिकत नाही, पाच वर्षं फुकट गेली. परीक्षा पुढे ढकला म्हणून सांगायला ती तिच्या सरांचा नंबर शोधू लागली, डोळ्यांतून धारा. मी पेपरात तोंड खुपसून बसलो. मंदाकिनीने पातेलं एकदा हुंगलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीच्या हातातला फोन काढून घेऊन म्हणाली, "उद्या सकाळी कर." मुदत मला होती, हे मला कळलं.

सकाळच्या चहाला मी कबूल केलं. नीरजा हसत सुटली ती उचकी लागेपर्यंत. म्हणाली, "अहो बाबा, आमचा साचा फोडायचाच नसतो! तोच सोन्याला धरून ठेवतो. तो उकडला की सगळं सोनं एकत्र गोळा होतं, मग कसलं उजळतंय?" त्याच दिवशी तिने नवीन बाटली लावली आणि बुधवारी दोन्ही घेऊन गेली. परीक्षक खवट होते. हे सगळं प्रथिनामुळेच होतं कशावरून, म्हणाले. तिने माझी बाटली काढून दाखवली, प्रथिन उकडलं की उजेड गेला. परीक्षक खूश! उकडायचा प्रयोग कोणी केला विचारलं, तर तिने मागच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी (का ते विचारू नकोस) उभा राहून नमस्कार केला. नीरजा डॉक्टर झाली.

गोदूवहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि तुला नेहमीच्या दोन शिव्या.

तुझा,
आनंद

ता. क. – पातेलं मंदाकिनीने माझ्या नावावर करून दिलं. त्यात मी दाढीचं पाणी तापवतो.

ता. क. २ – आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. अठ्ठ्याण्णव साली पंपाची चाळीस केसिंग बाद झाली. साहेबांनी तुझ्या रेतीला दोष दिला आणि तीन महिने तुला यार्डात भंगार निवडायला बसवलं. लोखंड निवताना आकसतं म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवायचा असतो. त्या खेपेला ती वाढ द्यायला मी विसरलो होतो, म्हणून माल लहान उतरला. दुसऱ्याच दिवशी मोजलं तेव्हा मला कळलं, आणि मी गप्प बसलो. "माझंच चुकलं" म्हणून नीरजा रडत होती तेव्हा मला तू दिसत होतास. मला लाज वाटते, तानाजी. आता साहेब नाहीत आणि फाउंड्रीच्या जागी टॉवर झाला, तेव्हा हे सांगायचं तरी कोणाला? म्हणून एवढं कर. हे पत्र गोदूवहिनींना मोठ्याने वाचून दाखव. तुझी रेती चांगली होती.