टाकेबाईंची खाट आणि आमचं आनंदी मंडळ

प्रिय ताई,

प्रभूची शांती तुझ्यावर असो, आणि त्यातली थोडी तुझ्या गुडघ्यांवरही. तुमच्या मठातल्या मदर तुला अजून तीन जिने चढायला लावतात का? लावत असतील तर त्यांना माझा सप्रेम नमस्कार सांग (‘सप्रेम’ वगळलंस तरी चालेल). इकडे सगळं ठीक. निवृत्तीनंतर तुझे मेहुणे सकाळी एका खुर्चीत आणि दुपारी दुसऱ्या खुर्चीत बसतात, एवढीच त्यांची धावपळ.

आपल्याला शाळेत शिवण शिकवणाऱ्या टाकेबाई आठवतात ना? माझ्या रुमालाची कड त्यांनी तेरा वेळा उसवायला लावली होती (चौदाव्या वेळी उसवायला रुमालच उरला नाही). तरी शाळा सुटताना माझी वेणी त्याच नीट करून द्यायच्या, तीही न बोलता. त्या बाई महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, आता खाटेवरून उठता येत नाही. लग्न केलेलं नाही; जवळचा म्हणावा असा एक भाचा. त्याने कळवलं की शनिवारी येतो, तोवर बाईंची नीट व्यवस्था लागली नाही तर पाच तासांवरच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवतो. बाई कुणापुढे रडणाऱ्या नव्हेत. मला फक्त म्हणाल्या, “तिथे शाळेची घंटा ऐकू यायची नाही गं.”

फादरनी ही गोष्ट प्रवचनात सांगितली मात्र, आमचं आनंदी सेवा मंडळ कंबर कसून उभं राहिलं. अध्यक्ष म्हणजे दातांच्या डॉक्टरांची बायको, त्यामुळे हसण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिने एक तक्ता काढला : ‘कोणती सेवा करताना तुम्हाला आनंद होतो?’ (आनंदाशिवाय केलेली सेवा देवाला पोचत नाही, असं तिचं म्हणणं. देवाने तिला हे कधी कळवलं, विचारायचं राहिलं.) अकरा जणींनी गाणं लिहिलं, चौघींनी फुलं, बँकेतल्या बाईंनी ‘मार्गदर्शन’. बेडपॅन धुण्याने कुणालाच आनंद होत नाही असं आढळून आलं आणि तो रकाना कोरा राहिला. तेवढ्यात मी पंखा वाढवा म्हणून हात वर केला, आणि टाळ्या पडल्या.

मंगळवारी त्या अकरा जणी गिटारसकट बाईंच्या चिमुकल्या खोलीत शिरल्या. दुसऱ्या कडव्यालाच बाईंनी मला खूण केली, पण उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो आणि कपाट यांच्यातून खाटेपर्यंत पोचायला वाट कुठे होती? शेवटी बाई कडाडल्या, “आधी भांडं, मग स्तोत्र!” सगळ्या चिडीचूप. गिटारवाली तेवढी डोळे मिटून गात राहिली. मी कशीबशी घुसले, चादरीचा आडोसा केला, काम उरकलं आणि भांडं घेऊन निघाले, तर अध्यक्षबाई म्हणतात, “अगं, तोंड किती पाडलंयस! हास की जरा, फोटो काढतोय.” माझं डोकंच फिरलं. “तू हसतेच आहेस, तर एवढं धर,” असं म्हणून भांडं तिच्या हातात दिलं. त्याच क्षणी फोटो निघाला. त्यात तिचे दात हसताहेत, पण डोळ्यांपर्यंत बातमी पोचलेली आहे. (पापाची कबुली देऊन आले. प्रायश्चित्त सांगताना फादरनी तोंडावर रुमाल का धरला, कळलं नाही.) बुधवारी अकराही जणींना एकदम सर्दी झाली.

शनिवारी भाचा आला. माणूस वाईट नाही, दमलेला आहे. “इथे चोवीस तास कोण बघणार?” त्याने विचारलं. मंडळाने एकमेकींकडे अतिशय प्रेमाने पाहिलं. मार्गदर्शनवाल्या बाईंनी वृद्धाश्रमाच्या हवेचे फायदे सांगायला घेतले. तोच टाकेबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “मी हिच्याकडे जातेय राहायला. शाळेच्या भिंतीलाच लागून घर आहे हिचं. ठरलंय आमचं.”

ठरलेलं मलाही तेव्हाच कळलं.

“काय गं, ठरलंय ना?”

ताई, तो आवाज ऐकला की मी एकसष्ट वर्षांची राहत नाही, नऊची होते. “हो बाई,” म्हणाले.

मठातल्या सगळ्यांना नमस्कार. प्रकृतीला जप, आमच्यासाठी प्रार्थना कर, आणि अध्यक्षबाईंसाठीही कर, माझ्याच्याने होत नाही.

तुझीच,
धाकटी

ता. क. : बाई तुझ्या खोलीत आहेत. पुढच्या महिन्यात तू पंधरा दिवस विश्रांतीला येणार आहेस, त्यातली विश्रांती विसर. बाईंना कुशीवर वळवायला दोन बायका लागतात आणि घरात मी एकटीच बाई. एवढं सांगायलाच हे सगळं पुराण लावलं. नाही म्हणू नकोस. बाईंना तू येतेस म्हणून सांगून टाकलं आहे.

ता. क. दुसरा : हे वाचून फाडून टाक. आज सकाळी बाईंची पाठ पुसताना मी गुणगुणत होते. त्यांनी विचारलं, “खूश दिसतेस?” मी साफ नाही म्हटलं. कुठे बोलू नकोस हं. मंडळाला कळलं तर मला अध्यक्ष करतील.