विकलेलं अक्षर

प्रिय धाकट्या,

काल दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. खुर्चीत आ वासून पडले, तर समोरच्या भिंतीवर माझंच अक्षर! तोच पोट सुटलेला 'क', तीच 'ह'ची लांबलेली शेपटी. आणि मजकूर काय, तर 'हसा मनमुराद, कवळी बसवा झकास'. डॉक्टर विचारतायत, "दुखतंय का?" तोंडात नळी, सांगणार काय? शिसारी आली रे.

माझ्या कवितांची पानं घेऊन गेलास तेव्हा म्हणाला होतास, "आई, तुझं अक्षर आता मरायचं नाही." मला वाटलं, पोरगा कविता जपणार. तू कविता बाजूला सारल्यास आणि अक्षरं तेवढी सोलून घेतलीस. त्यांचा फॉन्ट केलास, विकलास. आता कुणीही बटणं बडवावीत आणि ते माझ्या हातचं व्हावं! मी एकेका ओळीपायी आठवडा घालवायचे. शब्द खोटा असला की आधी हाताला कळायचं, पेन अडायचं. तुझ्या फॉन्टात काही म्हणजे काही अडत नाही. सकाळी फोन उघडला की शेजारणीने पाठवलेला गुलाब, आणि गुलाबावर माझ्या अक्षरात 'प्रेम म्हणजे श्वास, श्वास म्हणजे विश्वास'. वर दारात येऊन विचारते, "कविता तुमचीच ना? अक्षरावरून ओळखलं मी!" चहासुद्धा कडू लागतो.

बाबांचं मी तुला फोनवर सांगते ते अर्धंच असतं. ते मला कधी नर्स समजतात, कधी त्यांची थोरली बहीण. पण लग्नाआधी मी त्यांना पाठवलेल्या कविता त्यांना अजून येतात, कुठल्या ओळीत खाडाखोड होती तेसुद्धा. म्हणून गेल्या महिन्यात हिंमत करून त्यांच्यासाठी नवी लिहिली. माझा हात कापतो आता. हे तुला सांगितलं नव्हतं, पण हे पत्र पाहून कळलंच असेल. त्यांनी कागद निरखून वाचला, नीट घडी घातली आणि परत दिला. "बाई, हे आमच्या हिचं नाही. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे." मग उशीखालून हळूच काढून दाखवलं. औषधाच्या दुकानात फुकट वाटलेलं शुभेच्छापत्र! तोच श्वास, तोच विश्वास, तुझाच फॉन्ट. "हे तिचं," म्हणाले, आणि डोळे पुसले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिले.

तुला खडसवायचं, फॉन्ट मागे घ्यायला लावायचं, असं ठरवून लिहायला बसले होते. ते राहू दे. सोबत ती कविता ठेवली आहे. ती त्या अक्षरात टाइप कर. एखादा शब्द लागला नाही तर फोन करून विचार, मनाने काही घालू नकोस, आणि कृपा करून गुलाब नको. जाड कागदावर छाप आणि पोस्टाने बाबांच्या नावे पाठव. मला किळस येते, तरी पाठव. खाली माझं नावही त्याच अक्षरात घाल. मी सही केली, तर त्यांना पटायचं नाही.

तुझीच,
वेड्यावाकड्या अक्षरातली
आई