वकिलाचे मागचे पाय

प्रिय मावशी,

पाया पडते. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करतेय, "प्रिय मावशी" लिहून होईपर्यंत चहा गार झाला. गुडघा कसा आहे? आमच्याकडे एक जाडी म्हातारी कुत्री येते, ती उठताना अगदी तुझ्यासारखं तोंड करते. डॉक्टरीणबाई म्हणतात, हिचे सांधे झिजलेत त्याहून जास्त लाड झालेत. (हे कुत्रीबद्दल. तुझा फोटो मी त्यांना दाखवलेला नाही.) मी मजेत आहे. काही मागायला लिहीत नाहीये, उगीच आठवण आली म्हणून.

माझी नोकरी छान चाललीय. पुढच्या खोलीत हृदयवाले आणि सांधेवाले, मागच्या खोलीत संसर्गवाले. (हृदयवाल्यांत एक छोटा कुत्रा आहे, आनंद झाला की खोकत सुटतो, म्हणून त्याला खूश करायला बंदी आहे. मला बघून तो कधीच खोकत नाही.) मागच्या खोलीत वकील आहे. वकील म्हणजे बोका, सारखा वाद घालतो म्हणून वकील. त्याच्या रक्तात एक विषाणू आहे, तो माणसांना होत नाही, कुत्र्यांना होत नाही, फक्त चावला तर दुसऱ्या मांजराला होतो. म्हणजे मांजर नसलेलं घर मिळालं तर तो वर्षानुवर्षं आरामात जगेल. मालक "पाच मिनिटांत येतो" म्हणून गेला त्याला दोन महिने झाले. आता आजारी पिल्लं यायचीत, शनिवारी पिंजरा रिकामा पाहिजे. नाहीतर वकील गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात जाणार. तिथे असल्या मांजराला जाळीच्या खोक्यात एकटं ठेवतात, मरेपर्यंत. मी बघून आलेय. खोकं आपल्या शिलाई मशीनएवढं आहे.

बाईंनी मला घरं शोधायला फोन करायला सांगितले. मी बोलत नाही हे तुला माहीत आहेच. (ताईच्या लग्नात तू आईला विचारलं होतंस, "ही मुकी आहे का गं?") मी नंबर लावायचे, पलीकडून "हॅलो" आलं की ठेवून द्यायचे. चौदा घरं झाली. सहाजणांनी उलटे फोन करून बाईंना झापलं.

मग आमचे एप्रन शिवणारे शिंपीकाका वकिलावर भाळले आणि घेऊन जातो म्हणाले. आता आमच्याकडे पद्धत अशी की मालकाला काळजीची चिठ्ठी द्यायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची. चिठ्ठीवर जनावराचं नाव नसतं, नुसती रंगीत पट्टी, संसर्गवाल्यांची पिवळी. शिंपीकाका आणि त्या जाड्या कुत्रीचे आजोबा एकदमच समोर उभे राहिले. मी जमिनीकडे बघत दोघांना दोन चिठ्ठ्या दिल्या आणि वाचून न दाखवता आत पळाले.

शिंपीकाकांना कुत्रीची गेली. माणूस इमानदार. वकिलाला पट्टा बांधून रोज दहा मिनिटं फिरवलं, जेवण निम्मं केलं, मागच्या पायांना कोमट शेक दिला आणि ते दहा वेळा मागेपुढे करायला घेतले. चार वेळा झाले म्हणे. पाचव्यांदा वकिलाने हरकत घेतली. तिसऱ्या दिवशी काका आले, दोन्ही हातांना पट्ट्या, काखेत टोपली. "पोरी, मी आता कात्री धरू कशाने?" आणि आजोबांनी आठ दिवस कुत्रीला घराबाहेर काढलं नाही, जेवणात काही कमी केलं नाही, ती दीड किलो वाढली. ते उलट खूश. म्हणाले, "चिठ्ठीत लिहिलंय तसं मांजरांशी एकदाही मारामारी केली नाही हो, गुणाची आहे." बाईंनी वकिलाच्या पिंजऱ्यावर "शनिवार" लिहिलेला कागद लावला.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझी,
मुकी

ता. क. तुझ्याकडे मांजर नाही. उंदीर आहेत.

ता. क. आई म्हणाली, मावशीला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही. म्हणून हे पत्र छापून वकिलाच्या टोपलीवरच चिकटवलंय. आधी वाच, मग टोपली उघड. नको असेल तर टोपली आणणारे औषधांच्या गाडीवाले काका पाच मिनिटं थांबतील. पण मावशी, नको म्हणू नकोस ना. मी त्याला सांगून बसलेय. मी एवढं बोलते फक्त त्याच्याशीच.

ता. क. सोबतची चिठ्ठी पिवळ्या पट्टीची आहे, तीनदा तपासली. त्याचे पाय शेकू नकोस.

ता. क. आमच्या घरमालकांनी काल एकाहत्तराव्या वर्षी लग्न केलं. नवरी पोहायला शिकवते. तेव्हा वयाचं कारण सांगू नकोस.