दादाने घातलेली शपथ

प्रिय भाऊस, थोरल्या ताईचे आशीर्वाद.

तीन जानेवारी, सकाळी सव्वादहा. आपला धाकटा इथल्या क्षयाच्या दवाखान्यात उभा होता. "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "कुठलीच नाहीत." एचआयव्हीची गोळी तो चार वर्षं न चुकता घेतोय. पण कुणापाशी बोलायचं नाही, अशी तू त्याला आईची शपथ घातली होतीस ना!

क्षयाच्या औषधानं त्या गोळीचा जोर घटतो, म्हणून ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते. हा तीन महिने एकदाच घेत राहिला. गेल्या आठवड्यात रक्ताचा अहवाल आला. विषाणू पुन्हा वाढलाय.

घाबरू नकोस. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. आता संध्याकाळची गोळी मी समोर बसून देते. मी समोर असले की त्याला जेवणाचे दोन घासही जास्त जातात. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे?

डॉक्टरीणबाईंना सांगून बाहेर आलो, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तू शपथ मोडलीस. दादाला कळवू नकोस."

मी म्हटलं, "शपथ घालायला दादा, आणि निस्तरायला मी!"

तो हसला, खोकला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. एक्केचाळीस किलो उरलाय रे.

नर्सने विचारलं तर अजूनही गप्पच बसतो. शपथ सुटली, असं तुझ्या हातानं त्याला लिहून पाठव. फोन नको, फोनवर तू खाकरतोस आणि विषय बदलतोस. वीस एप्रिलला पुढची तपासणी आहे. त्याआधी पत्र इथे पोचलं पाहिजे. एक ओळ पुरे, पण ती त्याला लिही, मला नको.

तुझी ताई