शेवटच्या दिवशी सगळे स्वस्त

२ नोव्हेंबर २०२५, रविवार.
नांदेडला फुटबॉल लीगची मीटिंग. बातमी वाईट, म्हणजे इतरांसाठी. मुख्य स्पॉन्सर असलेल्या कोचिंग क्लासने अंग काढून घेतले. त्यामुळे प्रत्येक टीमची मानधनाची कॅप चार लाखांवरून अडीच लाखांवर. सगळ्या खेळाडूंना मिळून सीझनभर एवढेच द्यायचे, रुपया जास्त गेला तर टीम बाद. शिवाय नवा नियम : कुणालाही फुकट खेळवायचे नाही, प्रत्येकाला किमान दहा हजार. सगळे मालक तोंड पाडून बसले. मी एकटा हसत होतो. नांदेड टीमचा मालक भुजंग, डाळमिलवाला, त्याने विचारले, विरूपाक्षअप्पा, तुम्हाला काय झालं हसायला? म्हणालो, जानेवारीत कळेल.
परतीच्या बसमध्ये विचार केला. आपली लातूरची गंजगोलाई एफसी दरवर्षी सेमीफायनलला हरते, कारण मी टीम भावनेने चालवतो. यंदा डोक्याने चालवायची. निश्चय पक्का.

३ नोव्हेंबर. दुपारी, दुकानात.
टाइल्सला गिऱ्हाईक नाही. अमेरिकेतल्या एका तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला, मग परत पाहिला. विषय नेमका आपला. फुटबॉल, कॅप कमी झालेली, करार संपून मोकळे झालेले खेळाडू. इंग्रजी फास्ट होते पण मुद्दा कळला. कॅप कमी झाली की बाजारात खेळाडू फार आणि पैसा थोडा. घाई करतो तो फसतो. थांबतो त्याला शेवटच्या दिवशी मोठमोठे खेळाडू मातीमोल मिळतात.
मुज्तबा आला होता, त्याला दाखवला. मुज्तबा म्हणजे आपला गोलकीपर आणि कॅप्टन, टीम सुरू झाल्यापासूनचा. औसा रोडला वेल्डिंगचे दुकान आहे. थोडा वेळ बघून म्हणाला, अप्पा, यांचा बॉल अंड्यासारखा हाय, अन् हातात घेऊन पळून राहिलेत. हा आपला फुटबॉलच न्हाई.
माणसे बॉल बघतात. अर्थशास्त्र कुणी बघत नाही.

६ नोव्हेंबर.
कायम ठेवायच्या खेळाडूंची यादी लीगला पाठवली. कोरी. सेक्रेटरीचा फोन आला, अप्पा, चुकून कोरी आली का? म्हणालो, चुकून नाही, मुद्दाम. त्याने फोन ठेवला. दणका बसला.
सगळे मोकळे म्हणजे सगळे मोकळे. दयानंदसुद्धा. पोटचा मुलगा आहे, मागच्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे, पण तत्त्व ते तत्त्व. आजवर घरचा म्हणून फुकट खेळायचा, आता तसे चालत नाही. मग आधीच दहा हजार कशाला अडकवायचे? शेवटच्या दिवशी, तीस तारखेला घेऊ. घर सोडून जातो कुठे?
महादेवीला हे पटले नाही. बायकोला कॅप समजत नाही. म्हणाली, लेकराला कुणी यादीतनं काढतं व्हय? समजावले, की हे फक्त कागदावर आहे. दयानंद जेवत होता. मला पण का अप्पा, एवढेच त्याने विचारले. सगळ्यांनाच, म्हणालो. त्याने ताट धुऊन ठेवले आणि दुकानात गेला. पोरगा समजूतदार आहे. शांतपणा माझा घेतला आहे.

९ नोव्हेंबर, रविवार.
मोकळ्या खेळाडूची बोलणी आणि सोयरिकीची बैठक यांत काही फरक नाही. जो आधी दुसऱ्याच्या दारात जातो तो अर्धा हरलेला असतो. पुतण्याच्या लग्नात मुलीकडचे फोन मी उचललेच नाहीत. आठवड्यात तेच लोक सुपारी फोडायला आपल्या ओसरीत. तेव्हापासून सगळ्या भावकीत मला बैठकीला नेतात.
म्हणून नियम : कुणाकडे जायचे नाही. कुणाला फोन करायचा नाही. कुणाचा आला तर वाजू द्यायचा. आज बराच वाजला. मुज्तबाचा होता. तगमग सुरू झाली म्हणायची.

१४ नोव्हेंबर.
मुज्तबा दुकानात येऊन उभा राहिला. बसायला सांगितले नाही, बैठकीत हे महत्त्वाचे असते. म्हणाला, भुजंगशेठ घरी येऊन गेले. अम्मीनं दालचा-खाना खिलवला. पण मी अजून हाव म्हणलो न्हाई. तुमचा एक शब्द पाहिजे, अप्पा. पैसा कमी झालाय ते मला बी कळतं, कमीत खेळतो.
मोह झाला, खोटे कशाला लिहू. पण जो स्वतःहून कमीत खेळतो म्हणतो तो अजून कमीत येणार, हे उघड आहे. म्हणालो, तीस तारखेला ये, बाजार बघून सांगतो. तो थोडा वेळ नळांच्या शोकेसकडे बघत राहिला. जाताना म्हणाला, मी नळ न्हाई अप्पा, भाव करायला.
भावनेला हात घालणारी वाक्ये असतात ही. ठरवून बोलतात.

१८ नोव्हेंबर.
मुज्तबा नांदेडला साइन झाला.
बरे झाले. चौतिशी उलटली आहे. गुडघा डावा की उजवा, एक कोणता तरी दुखतो. सहा वर्षे याच गंजगोलाईत माझ्या पैशाचा चहा प्यायला आणि चार दिवस थांबवले नाही. मनाला फार लागले. पण इथे लिहून ठेवतो आणि विसरतो.

२२ नोव्हेंबर.
बाजाराला काय झाले आहे कळत नाही. कुणी थांबतच नाही. ऐकले, की भुजंगने त्याच्या टीमची सगळी पोरे डाळमिलवर बोलावली, मटण खाऊ घातले आणि सरळ सांगितले, बाबांनो, यंदा पैसा कमी हाय, सगळ्यांनीच थोडं थोडं कमी घ्या, कुणाला काढत न्हाई. सगळे हो म्हणाले. वर याच्याकडे दोघांची जागा शिल्लक.
याला स्ट्रॅटेजी म्हणत नाहीत. याला जेवण म्हणतात.

२६ नोव्हेंबर.
दयानंदने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. म्हणाला, अप्पा, किमान धरा, पण माझं नाव आज लिहा. मला कुणी विचारलं की तू कुणाच्या टीमचा, तर सांगता येत न्हाई. त्याला समजावले, की तीसला लिहितोच आहे, चार दिवसांनी काय बिघडते? मग तो दुकानाचे बोलायला लागला. काउंटरवर बसून पाच वर्षे झाली, तिथं बी माझं नाव कुठंच न्हाई म्हणे. शटरवरच्या बोर्डवर 'अँड सन्स' लिहिले आहे ते काय शेजाऱ्याच्या पोरासाठी?
मग म्हणाला, भुजंगशेठ विचारून राहिलेत, जाऊ का?
बैठकीत अशी धमकी आली की दार उघडून द्यायचे असते. म्हणजे समोरचा गडबडतो. म्हणालो, जा की. कोण किती देते ते कळेल.
तो गडबडला नाही. महादेवीने माझ्या ताटात भाकरी टाकली ती जरा जोरात.

३० नोव्हेंबर, रविवार. शेवटचा दिवस.
सकाळी ९. पांढरा शर्ट. दुकानापुढे मांडव नको म्हणालो, पण भाड्याच्या खुर्च्या आणि थंडाईची कॅन मागवली आहे. गर्दी होणार.
दुपारी १. गिऱ्हाइकांना वाटते सेल आहे. दोघे कमोडचा भाव विचारून थंडाई पिऊन गेले.
दुपारी ४. खेळाडू आले. एक हिमायतनगरचा, उंच आहे, याआधी व्हॉलीबॉल खेळलेला. एक जळकोटचा, पोलीस भरतीची तयारी करतो, गोलकीपर म्हणे. बाकीचे असेच, कुणाला कुणी न घेतलेले. सगळे घेतले. किमान भावात. घासाघीस करायचीही गरज पडली नाही. व्हिडिओतला तज्ज्ञ खोटा नव्हता.
संध्याकाळी ६. आता दयानंदचे नाव लिहायचे होते. दुकानात नाही. घरी नाही. महादेवीला विचारले. तिने मोबाइल पुढे केला. लीगच्या ग्रुपवर फोटो. भुजंग त्याला पेढा भरवतो आहे, बाजूला मुज्तबा, दयानंदच्या खांद्यावर हात टाकून. खाली लिहिले आहे, नांदेड परिवारात स्वागत. त्याला मिलच्या ऑफिसात नोकरीलाही लावून घेतले आहे म्हणे. खोली बघून दिली आहे.
परिवार.
लीगमध्ये सगळ्यात जास्त कॅप माझी शिल्लक आहे. एकाही मालकाला हे जमलेले नाही. नोंद करून ठेवतो.

४ डिसेंबर.
गिऱ्हाईक येते आणि विचारते, दयानंद कुठाय? मी मालक समोर बसलेलो दिसत नाही का? कोणती टाइल कोणत्या रॅकवर ते सगळे त्याच्या डोक्यात. आज एका बाईला बाथरूमची घसरणारी फरशी दिली, ती संध्याकाळी परत घेऊन आली आणि वर चार गोष्टी ऐकवल्या.
जगात कुणाचे करू नये. लहान असताना याला गोदामामागच्या बोळात मीच शिकवले. शटर म्हणजे गोल आणि मी गोलकीपर. दमेपर्यंत शटरच्या डाव्या कोपऱ्यात मारायचा. तिथला पत्रा अजून चेपलेला आहे. तो दुरुस्त करून घ्यायचा आहे, राहूनच जाते.
महादेवी शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन नांदेडला जाऊन आली. चला म्हणाली होती. मी कुणाच्या दारात जात नाही. काय म्हणाला, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. आल्यापासून दोघे टीव्ही बघत बसलो.

१४ डिसेंबर, रविवार.
पहिली मॅच. हरलो. टीम नवी आहे, बसायला वेळ लागतो.

२१ डिसेंबर.
हरलो. पंच विकत घेतलेला होता. हिमायतनगरच्या उंच पोराने बॉल हाताने अडवला तो सवयीने. सवयीला पेनल्टी देतात का?

२८ डिसेंबर.
हरलो. थंडी फार होती.
पुढच्या रविवारी नांदेडमध्ये नांदेडशी. बाकी सगळे विसरले जाईल, ही एक जिंकायची. दयानंदला कळले पाहिजे आपण कुणाचे घर सोडले.

४ जानेवारी २०२६, रविवार.
सकाळी ७. जळकोटचा गोलकीपर आला नाही. पोलीस भरतीची मैदानी चाचणी आहे म्हणे, काल निघून गेला. उरले सहा. सातजण भरले नाहीत तर मॅच रद्द आणि आपण बाद. कॅपमध्ये एवढे पैसे शिल्लक आहेत आणि बाजारात घ्यायला माणूस नाही. नियमावली वाचली. मालकाला खेळता येते. कॉलेजात मी टीमचा राखीव गोलकीपर होतो. उभा राहणार.
महादेवी येते म्हणाली. मॅच बघायला नाही, पोराला बघायला.
बसमध्ये. पेनल्टी आली तर दयानंद मारणार. तो डावीकडेच मारतो. हे जगात फक्त मला माहीत आहे. भुजंगने कितीही मटण खाऊ घातले तरी हे त्याला माहीत नाही.

रात्री.
मॅच संपत आली तेव्हा पाच गोल झाले होते. त्यांचे. मग आपल्या उंच पोराने पुन्हा हात लावला. पेनल्टी.
दयानंद बॉल घेऊन आला. वाळला आहे. माझ्याकडे बघून मान थोडी हलवली. मन विचलित करायची ही जुनी युक्ती, मी फसलो नाही. त्याने पाय उचलायच्या आधीच मी डावीकडे झेप घेतली. पूर्ण लांब, दोन्ही हात पुढे. कॉलेजात अशी जमली नव्हती.
बॉल डावीकडे आलाच नाही. मी उभा होतो बरोबर तिथे आला. हळू आला, चालत आल्यासारखा. मी मातीत आडवा पडून तो जाताना पाहिला. नुसता उभा राहिलो असतो तर वाकून उचलता आला असता.
सगळे स्टेडियम हसले. दयानंद हसला नाही. मुज्तबा पलीकडच्या गोलमध्ये पाठ फिरवून उभा होता. दयानंदने जवळ येऊन हात पुढे केला. मी माझा माझा उठलो. गुडघा सोलला आहे.
एसटी स्टँडवर महादेवीला समजावले, की गोलकीपरला आधी ठरवावे लागते, त्याला शास्त्र आहे. ती म्हणाली, लेकरानं तुमच्या हातात दिला होता. तुम्हीच जागेवर नव्हता. मग म्हणाली, मी दोन दिवस त्याच्याकडं राहते. तुम्ही बी चला. त्यानंच सांगितलंय, अप्पाला घेऊन ये म्हणून.
बस लागलेली होती. मी बसलो.
लातूरला घरी पोचलो तर कुलूप. किल्ली महादेवीच्या पर्समध्ये राहिली. वही बुटांच्या पिशवीत होती म्हणून ओसरीत बसून लिहितो आहे. समोर रस्त्यावरचा दिवा आहे, दिसते बऱ्यापैकी. मोबाइल मांडीवर ठेवला आहे. पोचला का, म्हणून कुणी तरी फोन करेलच. या वेळी पहिल्याच रिंगला उचलणार.