साहेबांचं कासव

शुक्रवार, २० सप्टेंबर
शाळेच्या फाटकाबाहेर, व्हॅनमध्ये

प्रिय दादा,

नमस्कार. तू मजेत असशील असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आम्ही दोघी खरंच मजेत आहोत. आईचा डोळा आता स्वच्छ झालाय, इतका की स्वयंपाकघरातली जळमटं तिला बसल्या जागेवरून दिसतात आणि मला दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पत्र पाहून दचकू नकोस. मेसेज तू अर्धा वाचतोस आणि अंगठा पाठवून मोकळा होतोस. कागदावर ती सोय नाही.

शाळा सुटायला वेळ आहे. स्टिअरिंगवर वही टेकवून लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझा निरोप आईने सांगितला. साहेब मला नोकरीवर परत घ्यायला तयार आहेत. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माफी मागायची आणि कासव परत करायचं, एवढंच. 'एवढंच' हा शब्द तुझा. वर म्हणालास म्हणे, "तिला सांग, माझं तरी बघ. साहेब रोज मलाच विचारतात."

तर उत्तर आधी देते. मी येणार नाही. माफी मागणार नाही. आणि एवढ्या मोठ्या खुर्चीतला माणूस एका रबरी कासवासाठी रोज तुला हटकत असेल, तर डोकं कुणाचं तपासायला हवं ते तूच ठरव.

हे पत्र वहिनी वाचणारच, आणि तिला तू काही सांगितलं नसशील, म्हणून तिच्यासाठी लिहिते. वहिनी, दादाच्या आणि माझ्या ऑफिसात एक हिरवं कासव होतं. दाबलं की चीं करायचं. दर सोमवारी साहेब ते घेऊन टेबलांमधून फिरायचे आणि त्यांच्या मते जो मागे पडला असेल त्याच्यासमोर ठेवून दाबायचे. चीं झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग आठवडाभर ते टेबलावरून हलवायचं नाही. याला ते खेळीमेळीचं वातावरण म्हणत. अकाउंट्समधले काका, नातवंडं असलेला माणूस, कासव समोर असलं की जेवायलासुद्धा उठायचे नाहीत. लोकांनी बघू नये म्हणून त्याच्यापुढे फायली रचून ठेवायचे.

असो. माझं सांगते. व्हॅन जुनी आहे, मागचं दार हिसका दिल्याशिवाय लागत नाही, आणि मी ती झकास चालवते. पगार कमी आहे, तू विचारायच्या आधीच सांगून टाकते. पण मला भूक लागते, दादा. जेवायच्या वेळेला सरळ साधी भूक लागते! पित्ताच्या गोळ्यांची बाटली आईने धुऊन तिच्यात बटणं भरून ठेवलीत. गाडी धुताना मी मोठ्याने गाते. सुरात नाही, पण शेजारीसुद्धा आता हरकत घेत नाहीत, त्यांनी हात टेकलेत.

तुला मात्र लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. वहिनीने पिल्लूला माझ्या व्हॅनमध्ये घातलं तेव्हा तू दोघींना बजावलंस, चालवणारी आपली कोण लागते ते बिल्डिंगमध्ये बोलू नका. तुझी लेक पहिल्याच दिवशी दारातून "आत्याऽऽ" म्हणून ओरडली. आता अख्खी व्हॅन मला आत्या म्हणते. शाळेच्या मुख्याध्यापिकासुद्धा. बस बोंबलत.

आणि कासव डॅशबोर्डवर असतं. मी ते ठेवलं होतं साहेबांच्या नाकावर टिच्चून. एका सकाळी एक चिमुरडी परीक्षेच्या भीतीने हमसून हमसून रडत होती, तर मागच्या पोराने हात लांबवून कासव उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिने दाबलं, चीं झालं, रडता रडता हसली. तेव्हापासून मुलांनी नियमच केलाय. ज्याला भीती वाटते त्याला कासव. गृहपाठ राहिलेल्याला, दात काढायला जाणाऱ्याला, घरी भांडणं झालेल्याला. कुणी टाळ्या वाजवत नाही. उलट कासव मिळावं म्हणून काही बदमाश खोटं खोटं घाबरतात.

तेच कासव, दादा. तुमच्याकडे लोक त्याच्यापुढे फायली रचायचे.

पोटात ठेवलेलं आता लिहूनच टाकते, नाहीतर शाळा सुटेल.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आपल्यापैकी एकाला जायलाच हवं होतं. तू म्हणालास, "मला सुट्टी मागता येणार नाही, तू जा ना." मी गेले. पुढच्या सोमवारी त्याच सुट्टीबद्दल साहेबांनी कासव माझ्यासमोर ठेवलं. "घर सांभाळणाऱ्यांसाठी खास," म्हणाले. चीं झालं. टाळ्या वाजल्या. तुला वाटत असेल मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं. तू साहेबांच्या काचेच्या खोलीच्या दाराशी उभा होतास आणि टाळ्या वाजवत होतास. मान खाली होती, पण हात चालू होते.

म्हणून मी कासव पर्समध्ये टाकलं आणि जिन्याने उतरले. लिफ्टसाठी थांबले असते तर तिथेच रडले असते. आईला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिला वाटतं मी साहेबांवर चिडून नोकरी सोडली. साहेब कोण लागतो माझा? मला लागलं ते तुझं.

राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. पण काल पिल्लू माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती.  म्हणाली, "आत्या, बाबा सकाळी खाली गाडीत नुसते बसून राहतात. गाडी चालूच करत नाहीत. मी वरून टाटा करते, तर त्यांना दिसत पण नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "कासव एक दिवस बाबांना देऊ या?"

मीही अशीच बसायचे, दादा. बसस्टॉपवर. समोर आलेली बस सोडून द्यायचे.

तेव्हा कासव पाठवतेय. या पत्रासोबत पिल्लूच्या दप्तरात घालते, डब्याशेजारी. साहेबांना नेऊन द्यायचं असेल तर खुशाल दे, सोमवार काही लांब नाही. पण मग ते कुठे गेलं हे लेकीला तू सांगायचंस. मी सांगणार नाही.

घंटा झाली. पोरं फाटकातून सुटलीत आणि तुझी लेक सगळ्यांच्या पुढे आहे. सकाळी पहिल्या फेरीला निघते तेव्हा शेजारची सीट रिकामी असते. गाडीत नुसतंच बसायचं असेल तर निदान माझ्या गाडीत येऊन बस.

तुझ्या टाळ्या ऐकूनही तुझीच,
धाकटी